बालविभागाचे तीन रॅक

बुधवार, ९ नोव्हेंबर २०११

आज वाचनालयात पिस्तूल आलं. दिसायला तरी पिस्तूलच. राखाडी, मुठीत धरायचं, वर छोटा पडदा. खराडीच्या एका कंपनीने आमच्या कॉलनीला भेट दिलं आहे. त्याला आरएफआयडी रीडर म्हणायचं. ते घेऊन रॅकसमोरून चालायचं, घोडा दाबायचा, आणि पुस्तकांनी आपापले नंबर सांगायचे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिकटपट्टी आहे. तिच्यात तिळाएवढी चिप आणि भोवती पातळ तारेची नक्षी. ह्या चार हजार चिकटपट्ट्या ग्रंथपाल श्यामलाबाई घोडके यांनी एप्रिल-मेच्या उकाड्यात एकटीने चिकटवल्या.

उद्घाटनाला अध्यक्ष बद्रीनाथ खळदकर बावीस मिनिटं बोलले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पाणी कधी बंद करायचं हे तिथे शिकवत नसावेत.

मग प्रात्यक्षिक. मोठ्यांच्या विभागात चार हात लांबून पुस्तकं भराभर बोलली, अगदी हजेरीला उभी असल्यासारखी. बालविभागाच्या तीन रॅकांशी आलो आणि शुकशुकाट. पुस्तकाला टेकवलं तर ‘बीप’, चार बोटं मागे नेलं की मुकं. एक नाही, दोन नाही, सहाशे बारा पुस्तकं.

बद्रीनाथराव श्यामलाबाईंकडे वळले. “बाई, चिकटवताना काय करून ठेवलंत?”

“सुरुवात बालविभागापासून केली होती,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे हात बसायच्या आधीची खेप. वाया घालवलीत.”

पन्नास माणसांसमोर. ती बाई पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी म्हटलं, “अध्यक्ष, यंत्र आज आलंय आणि बाई एकोणीस वर्षं आहेत. आधी यंत्राची चौकशी करा.” ते हसले. मला त्यांचं हसू आवडत नाही. त्यात दात कमी आणि दया जास्त असते.

बालविभागाशी माझा संबंध एवढाच की त्या सहाशे बारा पुस्तकांना कव्हरं मी घातली आहेत. तीस वर्षांच्या लग्नामुंजींचे गिफ्टपेपर मी टाकले नव्हते. चिकटपट्टी हलकेच सोडवून, इस्त्री फिरवून, गादीखाली. सोनेरी, चंदेरी, मोरपिशी. हसायचे लोक. आता मुलं त्या रॅकांवर तुटून पडतात. शाळेत सिस्टर अगाथाने तपकिरी कागद कसा घालायचा ते बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं, त्याच घड्या, फक्त कागद चकचकीत. आमच्या वाचनालयाचा दागिना आहे तो कोपरा. यंत्राला रुसायला नेमका तोच सापडला.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

फलकावर नोटीस. रविवार, ४ डिसेंबरला सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक तीन : यंत्रगणना पूर्ण न झाल्यास ‘संगणकाचे ज्ञान असलेल्या व्यक्तीची’ ग्रंथपाल म्हणून नेमणूक.

श्यामलाबाई ती नोटीस वाचून आत गेल्या आणि रजिस्टरवर रेघा मारायला लागल्या. पट्टीने, लाल शाईने, रोजच्यासारख्या.

त्या माझी मैत्रीण वगैरे नाहीत. हळू बोलणाऱ्या बायका मला आवडत नाहीत; अर्धं वाक्य आपण पूर्ण करायचं. पण धायरीत राहायला आले तेव्हा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते, आणि पहिलं जे बोलणं झालं ते त्या टेबलाशी. “कुठलं देऊ?” एवढंच म्हणाल्या होत्या. असो. मुद्दा न्यायाचा आहे. मी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली चौदा फॉल्ट कंट्रोलला. बिघाड यंत्रात आहे की माणसात, हे पाहिल्याशिवाय माणसाला दोष द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

शनिवार, १२ नोव्हेंबर

कंपनीने एक मुलगी पाठवली. उत्कर्षा मेश्राम. भंडाऱ्याची, कंपनीत लागून दीड वर्ष झालं. खराडीहून धायरीपर्यंत स्कूटरवर आली; हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर शिक्का उमटला होता.

“मॅडम, रेंज शॉर्ट येऊन राहिली म्हणजे मेटलचा प्रॉब्लेम असते. हे रॅक स्टीलचे आहेत ना.”

“मोठ्यांच्या विभागाचे काय चंदनाचे आहेत?”

तिने वळून पाहिलं. सगळे रॅक एकाच कारखान्यातले, एकाच हिरव्या रंगाचे. “हो ना मॅडम,” म्हणाली, आणि मनापासून हसली. मला पोरगी आवडली. चूक दाखवली की हसणारी माणसं आता राहिली नाहीत. मी स्वतःही हसत नाही.

मी तिला खात्याची पद्धत सांगितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक बदल वहीत. आणि बिघडलेल्या जागी असं काय आहे जे चांगल्या जागी नाही, ते आधी लिहून काढायचं. आम्ही लिहिलं : खिडकी जवळ, विजेचा मीटर जवळ, चिकटपट्ट्यांची पहिली खेप, मुलांचे चिकट हात. दुसरं काही सुचलं नाही.

शिंप्याच्या टेपने अंतर मोजलं. रॅकमध्ये दोन इंच. पुस्तकं काढून लाकडी टेबलावर ठेवली, तरी दोन इंच. म्हणजे स्टील सुटलं. टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, मीटर आणि खिडकीपासून लांब. दोन इंच. उरली पहिली खेप आणि चिकट हात.

जाताना ती बालविभागात पाच मिनिटं नुसती उभी होती. “आमच्या गावच्या विहारात एकच कपाट होतं पुस्तकांचं,” म्हणाली. “कुलूप उघडायला शंभूकाका यायचे. मी पायरीवर बसून राहायची. असे कव्हर असते तर मी घरीच गेली नसती.”

मी तिला चहा दिला.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

श्यामलाबाईंना यंत्र वापरायला शिकवते आहे. बोट घोड्यावर ठेवताना डोळे मिटतात. मी म्हटलं, “अहो, गोळी नाही सुटत.”

दुपारी मी गेले तेव्हा त्या टेबलाशी एकट्याच होत्या. समोर एक पऱ्यांचं पुस्तक. परवाच एका चिमुरडीने त्याचं कव्हर फाडून त्याची चांदणी करून वहीत लावली होती, ते उघडंच राहिलेलं. मला बघून त्यांनी यंत्र खाली ठेवलं.

“मोहोळकरबाई, एक विचारू? ही कव्हरं... थोडे दिवस काढून ठेवली तर?”

“का? माझ्या कव्हरांनी काय घोडं मारलंय?”

“तसं नाही. नुसतं बघावं म्हणून.”

मी त्यांना चांगलंच सुनावलं. दोन उन्हाळे खपले आहे मी त्या कामावर. बाई, तुमच्या टेबलाशी एरवी मुलं येत होती का? घाबरून कागद काढायला निघालात, उद्या पुस्तकंही काढाल. त्या बरं म्हणाल्या. पऱ्यांचं पुस्तक खणात ठेवलं.

घाबरलेली माणसं उगाच भलत्या गोष्टींना हात घालतात. फॉल्ट कंट्रोलला हे रोज दिसायचं : लाइन बंद पडली की ग्राहक आधी टेलिफोन पुसायचा.

शनिवार, १९ नोव्हेंबर

आज नव्या चिकटपट्ट्या. उत्कर्षाने कंपनीतून वीस आणल्या. बालविभागातल्या वीस पुस्तकांच्या जुन्या काढून नव्या लावल्या. दोन इंच. म्हणजे पहिली खेप निर्दोष. श्यामलाबाई निर्दोष. मी ते वहीत लाल शाईने लिहिलं आणि बद्रीनाथरावांना दाखवलं. ते म्हणाले, “नव्याही त्यांनीच चिकटवल्या असतील.”

“मी चिकटवल्या,” मी म्हटलं.

“मग प्रश्नच मिटला,” म्हणाले. तहानेने मेले तरी ह्या माणसाने बांधलेल्या धरणातलं पाणी मी पिणार नाही.

उत्कर्षाने यंत्राची ताकद पूर्ण वाढवली. अडीच इंच.

दुपारी एक गंमत झाली, ती लिहून ठेवते कारण तिचा अर्थ लागलेला नाही. कालच आलेलं एक नवं कोरं पुस्तक होतं, प्राण्यांचं. त्याला कपाटातली शिल्लक चिकटपट्टी लावली आणि ते चक्क पाच फुटांवरून बोललं. उत्कर्षा टाळ्या पिटायला लागली. ती कंपनीला फोन लावायला बाहेर गेली. माझ्या हातांना रिकामं बसवत नाही, आणि उघडं पुस्तक रॅकमध्ये जाणं मला खपत नाही, म्हणून तेवढ्या वेळात मी त्याला मोरपिशी कव्हर घालून टाकलं. ती आली, घोडा दाबला, दोन इंच.

“आत्ता तर चालून राहिलं होतं,” ती रडवेली झाली.

मी म्हटलं, बॅटरी उतरली असणार. श्यामलाबाई पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

सोमवार, २१ नोव्हेंबर

बॅटरी तपासायला मीटर हवा म्हणून बुधवार पेठेत गेले. माझा खात्याचा मीटर निवृत्तीच्या दिवशी जमा करावा लागला. तेव्हा जेवढी रडले तेवढी कुणाच्या लग्नातही रडले नाही. दुकानदार पेपर वाचत होता.

“मल्टिमीटर दाखवा.”

“काय करायचाय?”

“भाजीत घालायचाय.”

त्याने पेपर खाली केला. “बदलून मिळणार नाही. परत घेणार नाही. चालवून दाखवणार नाही.”

“मग विकता तरी कशाला?”

“दुकान उघडं आहे म्हणून.”

फार दिवसांनी बरोबरीचं माणूस भेटलं. मीटर छान आहे. दोन टोकं जोडलेली असली की शिट्टी वाजवतो, जुन्यासारखीच. बसमध्ये मांडीवर घेऊन आले.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

बॅटरी पूर्ण भरलेली आहे. शनिवारीही असणार.

मीटर टेबलावर तसाच चालू होता. बाजूला गिफ्टपेपरचा गठ्ठा, चंदेरी वर. चहा ओतताना मी मीटरची दोन्ही टोकं कागदावर टाकली आणि शिट्टी वाजली.

वाटलं टोकं एकमेकांना चिकटली. वीतभर लांब केली, टोकांनी कागद जरासा खरवडला गेला. शिट्टी. सोनेरी कागद घेतला. शिट्टी. मोरपिशी वरून गप्प होता. टाचणीने ओरखडा काढला, शिट्टी. वर्तमानपत्र घेतलं, गप्प. कॅलेंडर, गप्प.

कागदाला धातूचा थर आहे. म्हणूनच तो चकाकतो. मी सहाशे बारा पुस्तकांना धातूत गुंडाळलं आहे.

बुधवार, २३ नोव्हेंबर

आज लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत खोटं लिहायची ही पहिलीच वेळ.

काल दिवसभर मी एवढाच हिशेब करत होते की हे कुणाला न सांगता कसं निस्तरता येईल. रोज थोडी पुस्तकं घरी आणायची, कव्हरं बदलायची, परत ठेवायची. ‘कागद जुना झाला होता’ म्हणायचं. चार तारखेला यंत्र चालेल, आणि सगळे म्हणतील, यंत्रच सुधारलं. श्यामलाबाई सुटतील, मीही सुटेन. हे मी खरोखर ठरवलं होतं. आज सकाळी पिशवी घेऊन निघालेही होते.

वाचनालयात गेले तर श्यामलाबाई त्यांचा खण आवरत होत्या. शाईची दौत, पट्टी, एक फणी, सुपारीची डबी, सगळं एका पिशवीत. “आवरलेलं बरं,” म्हणाल्या.

मग मला पऱ्यांचं पुस्तक आठवलं. उघडं, टेबलावर, यंत्राशेजारी. ती बाई त्या दिवशी काय बघत होती ते मला आज, नऊ दिवसांनी कळलं. आणि मी तिला काय बोलले तेही, शब्दन्‌ शब्द.

रिकामी पिशवी घेऊन घरी आले. माणसाला चारचौघांत दोष दिला गेला असेल तर तो चारचौघांतच उतरवला पाहिजे. गुपचूप कव्हरं बदलून कुणी निर्दोष ठरत नाही. फक्त बोलणं थांबतं.

मला क्षमा मागता येत नाही. सराव करायला हवा.

शनिवार, २६ नोव्हेंबर

उत्कर्षाला एकटीला गाठून मीटर दाखवला. शिट्टी ऐकून तिने आधी तोंडावर हात ठेवला, मग मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“मॅडम, मॅन्युअलमध्ये लिहून आहे, मेटलपासून दूर ठेवा. मी दोन हप्ते रॅकच बघून राहिली.”

“आणि मी बॅटरी.”

“म्हणजे प्राण्यांचं पुस्तक... तुम्ही माझ्यासमोरच...”

“समोर नाही. तू फोनवर होतीस.”

ती परत हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि आल्यावर थांबेना. तिला शपथ घातली, सभेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

संध्याकाळी आरशासमोर सराव. “चूक माझी आहे.” तीन वेळा म्हटलं. तिन्ही वेळा दुसऱ्या कुणाची तरी आहे असंच ऐकू आलं.

रविवार, ४ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

सभा दहाला. माणसं सत्तर, शिवाय आयांबरोबर आलेली पोरं पंचवीसतीस. बद्रीनाथरावांनी विषय तीन घेतला आणि घसा साफ केला. मी उभी राहिले.

“अध्यक्ष, त्याआधी मला एक मिनिट हवंय.”

“तुमचं एक मिनिट आम्हाला माहीत आहे, मोहोळकरबाई.”

लोक हसले. हसू दिलं. चंदेरी कव्हरातलं पुस्तक उंच धरलं. उत्कर्षाने पाच फुटांवरून घोडा दाबला. काही नाही. मी सगळ्यांसमोर कव्हर फाडलं. कागद तसा मजबूत, चांगला होता, एका लग्नातला. पुन्हा घोडा. बीप.

पुढच्या रांगेतली माणसं उठून जवळ आली.

“ह्या कागदाला धातूचा थर असतो. त्याच्या आत चिकटपट्टीचं बोलणं अडकून पडतं. चिकटपट्ट्या श्यामलाबाईंनी लावल्या, त्या चारही हजार बरोबर आहेत. कव्हरं मी घातली. त्या मला हे सांगायला आल्या होत्या, मी त्यांना गप्प केलं. चूक माझी आहे, आणि मी क्षमा मागते. त्यांची. तुमची नाही.”

बद्रीनाथरावांनी कव्हर हातात घेतलं, उलटसुलट केलं. “पण मीसुद्धा हे तीन आठवडे बघतोय,” म्हणाले. “माझ्या डोक्यात आलं नाही.” आणि मग श्यामलाबाईंकडे वळून, नीट ऐकू जाईल असं, “बाई, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं.” त्यांच्याविषयी वर लिहिलेलं खोडणार नाही, पण हेही लिहिते.

तेवढ्यात मागून एका पोराने विचारलं, “मग आता सगळी फाडायची?”

मी म्हटलं, “सगळी.”

त्यानंतर तासभर जे चाललं त्याला सभा म्हणता येणार नाही. पोरं रॅकांवर तुटून पडली. चर्र, चर्र. सोन्याचांदीचा ढीग गुडघ्यापर्यंत. कुणी मुकुट केले, कुणी तलवारी. बद्रीनाथरावांच्या डोक्यावर मोरपिशी पगडी बसली आणि ती त्यांनी काढली नाही. माझे दोन उन्हाळे असे फरशीवर लोळत होते, आणि मला वाईट वाटायचं राहूनच गेलं.

मग उत्कर्षाने यंत्र श्यामलाबाईंच्या हातात दिलं. त्या तिन्ही रॅकांसमोरून चालत गेल्या, डोळे उघडे ठेवून. पुस्तकं अशी बोलत सुटली की बीपांमध्ये फटच राहिली नाही. प्राण्यांचं नवं धरून सहाशे दहा. उरलेली तीन मुलांच्या घरी, नावं लाल रेघेखाली त्यांच्या रजिस्टरात. उत्कर्षाने पोरांबरोबर शिट्ट्या मारल्या. विषय तीन कुणी मतालाच टाकला नाही.

सगळे गेल्यावर मी विचारलं, “तुम्हाला पंधरा तारखेलाच कळलं होतं?”

“पंधरालाच.”

“मग नोकरी जाऊ देणार होतात?”

“छे हो. तीन तारखेपर्यंत वाट बघणार होते. तुम्ही वहीत सगळं लिहून घेत होतात. म्हटलं, आपणहून सापडेल.”

“आणि खण का आवरत होतात?”

“झुरळं झाली होती.”

सोमवार, ५ डिसेंबर

आज जुनी कॅलेंडरं घेऊन गेले. सहाशे तेरा कव्हरं पुन्हा घालायची आहेत. मीटरने एकेक कॅलेंडर तपासलंही, सगळी मुकी, सज्जन.

श्यामलाबाईंनी रजिस्टर मिटलं, मला समोर बसवलं आणि बोलायला लागल्या. हळूच, पण थांबल्या नाहीत. मी माणसाचं पूर्ण ऐकत नाही. मी लहान मुलांनाही तोडून बोलते. त्या दिवशी असं बोलायला नको होतं, त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. परवा चुकीच्या रॅकमध्ये चार पुस्तकं ठेवली तीही मीच. चहात साखर फार घालते, मला डॉक्टरांनी नको सांगितलंय ना? सगळी वाक्यं पूर्ण. मला एकही पूर्ण करावं लागलं नाही.

हे गेल्यापासून सात वर्षांत मला कुणी असं रागावलं नव्हतं. मान खाली घालून ऐकलं. एकदा मध्ये बोलायला गेले, तर “थांबा, झालं नाही माझं,” म्हणाल्या.

घरी येताना मी गात होते, असं शेजारच्या अक्षताने सांगितलं. मला तर आठवत नाही.

उद्या कव्हरं घालायला दहाला बोलावलंय. दहा म्हणजे दहा, सव्वादहा नाही, असं सांगितलंय. मला.